एक तरी धड

आमच्या अम्मीच्या तोंडी दोन म्हणी कायम असत. एक घरातली, उर्दूतली : नीम हकीम खतरा-ए-जान, नीम मुल्ला खतरा-ए-ईमान. दुसरी गल्लीतली, मराठीतली : एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिली म्हण ती जगासाठी वापरी. दुसरी आमच्यासाठी राखून ठेवलेली होती. आम्ही आज चित्रे काढायला बसायचो, उद्या बिघडलेला रेडिओ उघडून त्याचे पेच हरवायचो, परवा कव्वालीच्या पार्टीत टाळ्या वाजवायला जायचो. शिरपुरात तेव्हा मुलांना गुंतवून ठेवील असे दुसरे फारसे काही नव्हते. जानगीर महाराजांच्या संस्थानात महाशिवरात्रीची यात्रा भरे, जैन मंदिराला दूरदूरचे यात्रेकरू येत. आम्ही यात्रेतही हिंडायचो आणि यात्रेकरूंच्या मोटारींभोवतीही. अम्मी म्हणायची, या पोराचा एकही धागा शेवटापर्यंत जात नाही.

पुढे आम्ही शिक्षक झालो. गावातल्या शाळेत गणित शिकवले, मराठी शिकवले, गरज पडली तेव्हा भूगोल आणि चित्रकलाही शिकवली. कविता केल्या, कथा लिहिल्या, गॅदरिंगसाठी नाटुकली लिहिली, विज्ञानावर लेख लिहिले, आसपासच्या जुन्या वास्तूंवर टिपणे काढली. निवृत्तीनंतर एका साहित्य मेळाव्यात सूत्रसंचालकांनी आमचा परिचय करून दिला. कवी, कथाकार, नाटककार, विज्ञानलेखक, स्थानिक इतिहासाचे संशोधक. यादी संपत नव्हती. ती संपली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हळू आवाजात म्हटले, "म्हणजे एक ना धड." मंडळी हसली. आम्हीही हसलो. घरी येताना एसटीत मात्र ते हसू टिकले नाही. तेच शब्द अम्मीच्या तोंडून ऐकताना कधी इतके लागले नव्हते.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे. साहित्यात असो की विज्ञानात, माणसाने एकाच विषयात आयुष्य घालावे, की अनेक विषयांत वावरावे? खोल जावे की विस्तारावे? प्रश्न जुनाच आहे, आणि त्याची तयार उत्तरेही जुनी आहेत. एकाच विषयाच्या मागे लागलेल्याला आपण विहिरीतला बेडूक म्हणतो आणि अनेक विषय हाताळणाऱ्याला भाराभर चिंध्यांचा मालक. म्हणजे भाषेने दोघांचीही थट्टा करून ठेवली आहे. मग खरे कोणाचे?

आपल्या परंपरेत एके काळी हा भेद इतका तीव्र नव्हता. 'हकीम' हाच शब्द पाहा. आज तो औषध देणाऱ्यासाठी वापरतात. मुळात हिकमत म्हणजे शहाणपण, आणि ते ज्याच्याजवळ आहे तो हकीम. वैद्यकही तोच जाणणार, तर्कशास्त्रही तोच, तारेही तोच मोजणार. अल्-बिरुनी (जन्म ९७३) गणिती होता, ज्योतिषी होता, पृथ्वीची त्रिज्या मोजणारा होता, आणि तोच हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकला. इथल्या लोकांच्या श्रद्धा, शास्त्रे आणि चालीरीती यांच्यावर त्याने १०३०च्या सुमारास जो ग्रंथ लिहिला, त्याच्यावाचून त्या काळाचा अभ्यास आजही पुढे जात नाही. परंतु त्या काळी एका माणसाला बऱ्याच शास्त्रांचा आवाका झेपत होता. आज एका रोगाच्या एका औषधावरच इतके लेख प्रसिद्ध होतात की, ते वाचण्यातच संशोधकाचे वर्ष सरते. तेव्हा अल्-बिरुनीचे नाव घेऊन आपल्या धरसोडीचे समर्थन करणे म्हणजे पुलावरून नदी ओलांडणाऱ्याने पोहणाऱ्याशी बरोबरी सांगण्यासारखे आहे. आम्ही ते अनेकदा केले आहे, म्हणून सांगतो.

दूर कशाला जायचे? याच प्रश्नाचे एक उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. शिरपूरहून एसटीने तासाभरात वाशीम येते. १९९८ साली वाशीम जिल्हा झाला, त्यापूर्वी आम्ही सारे अकोला जिल्ह्यात होतो. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. आज हे शाळेतली मुलेही सांगतात. पण १९३९ पूर्वी अशी वेगळी शाखा होती हे इतिहासाला माहीत नव्हते. त्या वर्षी वाशीमला एका शास्त्र्यांच्या घरी ताम्रपट सापडला. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि द. ब. महाजन यांनी तो प्रथम उजेडात आणला. देशपांडे मुख्यतः महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक. ताम्रपट हे काही त्यांचे नेहमीचे क्षेत्र नव्हे. तरी पत्रा हाती आल्यावर तो महत्त्वाचा आहे हे त्यांनी ओळखले. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात, आणि दान वत्सगुल्माहून दिलेले. देणारा राजा विंध्यशक्ती, सर्वसेनाचा मुलगा, प्रवरसेनाचा नातू.

सर्वसेन हे नाव नवे होते का? नव्हते, आणि खरी गंमत इथेच आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव नावाच्या वाकाटक मंत्र्याचा शिलालेख आहे. त्यात राजांची वंशावळ दिली आहे. तो दगड झिजलेला आहे, अक्षरे उडालेली आहेत. एकोणिसाव्या शतकात तो ज्यांनी वाचला, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकलेले डॉक्टर. कुष्ठरोगावरच्या औषधासाठी त्यांचे नाव झाले होते. दवाखाना सांभाळून हा माणूस अजिंठ्याचे लेख उतरवून घेत होता, नाणी जमवत होता, संस्कृत कवींचे काळ ठरवत होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ठसे घेतले, आणि १८८३मध्ये बुलर या जर्मन पंडिताने लेखाचे संपादन केले. पण प्रवरसेनाच्या मुलाचे नाव जिथे होते, तिथे दुसरेच नाव वाचले गेले. सर्वसेन दगडावर होता, वाचनात नव्हता. एक नाव चुकले आणि त्याच्याबरोबर एक आख्खी राजशाखा पन्नासहून अधिक वर्षे दडून राहिली.

ती चूक नागपूरच्या वा. वि. मिराशींनी दुरुस्त केली. मिराशी (१८९३–१९८५) हे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी आपले आयुष्य कोरीव लेखांना दिले. कलचुरींचे लेख, वाकाटकांचे लेख, शिलाहारांचे लेख : एकेक ग्रंथ अनेक वर्षांच्या मेहनतीचा. वाकाटकांचा ग्रंथ १९६३ साली निघाला. वाशीमचा ताम्रपट आणि अजिंठ्याचा झिजलेला दगड शेजारी ठेवून पाहण्याची नजर त्यांच्याजवळ होती. ही नजर एका दिवसात येत नाही. हजारो अक्षरे पाहिलेल्या डोळ्यालाच पुसट रेषेत अक्षर कोणते आणि भेग कोणती हे कळते. मग सर्वसेन पुन्हा जागेवर आला. हा राजा प्राकृतातला कवीही होता. 'हरिविजय' हे त्याचे काव्य आज उपलब्ध नाही, पण जुन्या काव्यशास्त्रकारांनी त्याची वाखाणणी केली आहे.

आता या साखळीत मोठे कोण? भाऊ दाजी 'मी डॉक्टर, मला शिलालेखांशी काय कर्तव्य' म्हणून दवाखान्यात बसून राहिले असते, तर आपल्याकडे या अभ्यासाची सुरुवातच लांबली असती. देशपांड्यांनी 'माझा विषय महानुभाव' म्हणून ताम्रपट बाजूला ठेवला असता, तर तो कदाचित पुन्हा पेटीत गेला असता. आणि मिराशी नसते, तर अजिंठ्याच्या दगडावरचा सर्वसेन अजून किती काळ दुसऱ्याच नावाने वावरला असता, कोण जाणे. दार उघडणारे बहुधा बाहेरून येतात. आत काय आहे ते नीट सांगणारा तिथेच मुक्काम करतो. इथपर्यंत हिशेब सोपा आहे, आणि आम्हीही अनेक वर्षे इथेच थांबत होतो. आम्ही दार उघडणाऱ्यांपैकी, असे स्वतःला समजावणे सोयीचे होते.

ते समाधान ज्यामुळे संपले, ती गोष्ट आता सांगितली पाहिजे.

आमच्या भागातल्या एका गावात एक जुनी कबर आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या गावाचा काही दोष नाही. कबरीच्या उशाशी फारसी शेर कोरलेला दगड आहे. शेवटच्या ओळीत मृत्यूचे वर्ष गुंफलेले आहे. जुने लोक अक्षरांच्या किमतींवरून वर्ष सांगत : अलिफचा १, बेचे २, असे करत. शब्दातल्या अक्षरांची बेरीज केली की हिजरी सन निघतो. याला अबजदचा हिशेब म्हणतात. २००९ साली तिथल्या उरुसाच्या मंडळींनी स्मरणिका काढायचे ठरवले आणि आम्हाला लेख मागितला. 'मास्टरजींना सगळे येते' असा आमचा लौकिक होता. आम्हाला उर्दू येत होती, गणित येत होते, फारसी एका जुन्या पुस्तकावरून थोडीफार शिकलो होतो. आम्ही गेलो, दगड पाहिला, बेरीज केली. हिजरी ९९४, म्हणजे इसवी सन १५८६. अकबराचा काळ! आम्ही लेख लिहिला. मंडळी इतकी खूश झाली की त्यांनी ते वर्ष कमानीवर ऑइलपेंटने लिहून काढले.

त्या शेरात एक शब्द आमच्या वाचनाने नीट लागत नव्हता. आम्ही त्याचा ओढूनताणून अर्थ लावला होता. मनात शंका होती, पण स्मरणिका छापायला जायची होती.

छापलेला अंक आम्ही फारसीच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांना टपालाने पाठवला. खरे सांगायचे तर कौतुकाच्या आशेने. त्यांचे पत्र आले. चार ओळी कौतुकाच्या होत्या, पुढे लिहिले होते की, त्या शब्दात तुम्ही 'झे' वाचले आहे, तिथे 'रे' असल्यावाचून शेराला अर्थ येत नाही. वरचा नुक्ता खरोखर नुक्ता आहे का, ते कृपा करून तिरप्या उन्हात पाहावे. वाचकहो, उर्दू-फारसी लिपीत 'रे' आणि 'झे' यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. पण अबजदच्या हिशेबात 'झे'चे ७ होतात आणि 'रे'चे २००. आम्ही दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गेलो. ओल्या फडक्याने दगड पुसला. कोवळे ऊन आडवे येत होते. तो नुक्ता नव्हता. दगडाचा टवका उडाला होता, त्याच्या कडा खडबडीत होत्या. कोरलेल्या टिंबाच्या कडा तशा नसतात. सन ९९४ नव्हता, ११८७ होता. इसवी सन १७७३. आमच्या एका टवक्याने ती कबर १९३ हिजरी वर्षांनी म्हातारी करून ठेवली होती.

इथवर झाली ती चूक. चूक कोणाचीही होते. बुलरसारख्याचीही झाली होती. परंतु यापुढे आम्ही जे केले, ते चुकीत बसत नाही. ते पत्र आम्ही एका शब्दकोशात ठेवले आणि कोश फळीवर ठेवून दिला. अकरा महिने आम्ही कोणालाही काही सांगितले नाही. आपला विषय नव्हताच, आपण हौशी माणूस, एवढ्या-तेवढ्याने काय बिघडते, असे मनाशी म्हणत राहिलो.

बिघडत होते. त्या गावाजवळ दुसरी एक दर्गा आहे. उरुसाच्या दिवशी दोन्हीकडचा संदल एकाच रस्त्याने निघतो. पूर्वापार दुसऱ्या दर्ग्याचा संदल पुढे असे, कारण ती जुनी समजली जाई. तिथले एक वृद्ध मुजावर अनेक वर्षे तो संदल डोक्यावर घेऊन पुढे चालत आले होते. आमचा लेख आल्यावर नव्या पोरांनी वाद काढला. आता आमचे साल छापून आले आहे, आमचा संदल पुढे. भांडण वाढू नये म्हणून म्हातारबाबा स्वतःच मागे सरकले. त्या वर्षी मिरवणुकीत ते आम्हाला भेटले. सलाम करून म्हणाले, "मास्टरजी, पत्थर पे लिखा है तो सच्चीच होंगा." आम्ही काही बोललो नाही. पत्र कोशात होते.

पुढच्या उरुसाआधी आम्ही दोन्ही गावच्या मंडळींना बसवून सारे सांगितले. पत्र वाचून दाखवले. कमानीवरचे वर्ष पुसले गेले, त्यावर आमचे हसेही झाले. बाबांचा संदल पुन्हा पुढे गेला. ते एवढेच म्हणाले, "पत्थर की गलती नै थी, इत्ताच मालूम करना था."

ज्या गावात आम्ही राहतो, तिथे जुनेपणाच्या पुराव्याला केवढे वजन असते हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरावरून जैनांच्या दोन पंथांत चाललेला वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१पासून मंदिर बंद राहिले, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर उघडले. आमच्या दोन पिढ्या ते बंद दार पाहत वाढल्या. त्या वादात शिरण्याचा आम्हाला अधिकार नाही. सांगायचे एवढेच की, कोण आधीचे आणि कोणता हक्क कोणाचा, हे प्रश्न आमच्याकडे कागदावर राहत नाहीत. अशा मुलखात अर्धवट माहितीवर तारीख सांगणे हा छंद राहत नाही.

मग निष्कर्ष असा काढायचा का, की ज्याने त्याने आपल्या विषयातच राहावे? काही दिवस आम्हाला तसेच वाटले. इतिहासावर लिहिणे बंद केले. त्याच काळात दामोदर धर्मानंद कोसंबींची पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, आणि विचार वेगळ्या वाटेने गेला.

कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे पंडित. मुलगा हार्वर्डला शिकला, तो गणित. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले. १९४६पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. याच माणसाने भर्तृहरीच्या काव्याची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडून अश्मयुगीन दगडी हत्यारे गोळा केली. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर असा ग्रंथ लिहिला की, इतिहास म्हणजे राजांच्या याद्या ही समजूतच मागे पडली. जनुकशास्त्रात त्यांनी १९४४मध्ये दिलेले एक सूत्र आजही त्यांच्या नावाने चालते. आमच्या शेतात पेरले जाणारे जे सोयाबीन, त्याच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्यांनाही ते उपयोगी पडते.

हे सारे वाचून पहिल्यांदा वाटते की, हा तर भाराभर चिंध्यांचाच प्रकार. नीट पाहिले की तसे दिसत नाही. त्यांचे नाण्यांवरचे काम घ्या. तक्षशिलेच्या साठ्यातली आहत नाणी त्यांनी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके अधिक वर्षे फिरेल, तितके सरासरी वजन घटते आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. म्हणजे वजनांवरून कोणता गट जुना, कोणता नवा हे ठरवता येते. आपल्या काळातली चालू नाणी तोलून त्यांनी आधी ही रीत पारखून घेतली. इथे ते गणित सोडून इतिहासात गेलेले नाहीत. ते गणित घेऊन इतिहासात गेले. त्यांच्याजवळ एक गोष्ट धड होती, आणि ती हातात घेऊन ते दुसऱ्यांच्या अंगणात उतरले. आमच्याजवळही गणित होते, पण त्या कबरीपाशी बेरजेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न वाचनाचा होता, आणि ते आमच्याजवळ धड नव्हते.

कोसंबींची गोष्ट इथे संपली असती, तर ती बोधकथा झाली असती. पण १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता प्रसिद्ध केली. अविभाज्य संख्यांच्या मांडणीशी निगडित असा हा गणितातला फार मोठा प्रश्न, १८५९पासून आजपर्यंत न सुटलेला. त्यांची सिद्धता सदोष निघाली. ती कोठे छापली होती? कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात. या प्रश्नाचे खरे जाणकार जिथे पाने उलटत नाहीत, अशा जागी. त्यानंतर गणितज्ञांत त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्याची आणखीही कारणे सांगितली जातात. १९६६ साली ते गेले, तेव्हा वय साठही नव्हते.

लोक म्हणत, इतिहासाच्या नादाने कोसंबींचे गणित बिघडले. आम्हाला ही चूक निराळी वाटते. त्यांची सर्वांत मोठी फसगत परक्या विषयात झाली नाही, ती त्यांच्या स्वतःच्या विषयात झाली. जिथे ते पाहुणे होते, तिथे ते दहादा तपासून पाहत होते. जिथे ते घरचे होते, तिथे त्यांनी आपले काम घरच्या जाणत्यांच्या नजरेबाहेर छापले. म्हणजे विषय एक की अनेक, यावर सारे अवलंबून नाही. आपले काम कोणापुढे ठेवता, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

उर्दू शायरीत यासाठी एक जुनी रीत आहे. तिला इस्लाह म्हणतात. शागिर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो. उस्ताद शब्द बदलतो, मिसरा सरळ करतो, कधी आख्खा शेर खोडतो. ग़ालिब तर पत्रांतून इस्लाह करीत. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल तफ़्ता हे त्यांचे लाडके शागिर्द, आणि त्यांना लिहिलेली कितीतरी पत्रे आज छापलेली आहेत. यात कमीपणा नव्हता. ज्याचा उस्ताद नाही, त्याला बेउस्ताद म्हणत, आणि तो शब्द चांगल्या अर्थाचा नव्हता. शास्त्रज्ञ आपला निबंध छापण्याआधी त्याच क्षेत्रातल्या दोघा-तिघांकडे तपासायला जातो, ती रीतही मुळात हीच आहे. एका विषयात बुडालेल्या माणसाला इस्लाह आपोआप मिळते, कारण त्याच्या आजूबाजूला सारे त्याच विषयाचे असतात, त्याची चूक दुसऱ्या दिवशी पकडली जाते. अनेक विषयांत फिरणाऱ्याला मात्र ती मुद्दाम मागून घ्यावी लागते, प्रत्येक दारात नव्याने शागिर्द व्हावे लागते. हे ज्याला जमते, त्याने खुशाल फिरावे. आम्हाला इस्लाह न मागता टपालाने घरपोच आली होती, आणि आम्ही ती अकरा महिने कोशात दाबून ठेवली. मागच्या रांगेतून आलेला टोमणा आमच्या लेखनाच्या यादीला उद्देशून होता. तो आम्हाला लागला, त्याचे खरे कारण ते पत्र होते.

आणखी एक गोष्ट या प्रश्नात येते, आणि या पानांवर ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणूस विशेषज्ञ दोन प्रकारे होतो. एक, तो स्वतः विषय निवडतो. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संतवाङ्मय निवडले, हस्तलिखितांत आयुष्य घातले आणि १९९०च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. तो विषय त्यांना कोणी नेमून दिला नव्हता. उलट त्यांच्या नावाकडे पाहून कोणी तो नेमून दिलाच नसता. दुसरा प्रकार असा की, विषय तुमच्यावर लादला जातो. आम्हाला संपादकांची पत्रे येतात. तलाकवर लिहा, दंगलीवर लिहा, मदरशावर लिहा, रमजानचा विशेषांक आहे, शीरखुर्म्यावर लिहा. हे विषय आमचेच आहेत, त्यांवर लिहिले पाहिजे आणि आम्ही लिहितोही. पण पावसावरची कविता मागायला आजवर कोणी आलेले नाही. हमीद दलवाई मुळात कथाकार. 'लाट' १९६१ची आणि 'इंधन' १९६५ची. पुढे १९७०मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, ती त्यांची स्वतःची निवड होती. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असेल, कोणी नसेल. पण आज त्यांचे नाव घेऊन भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींपैकी 'इंधन' किती जणांनी वाचली आहे, हे विचारून पाहावे. समाजाने एका लेखकाचे एकच पान उघडे ठेवले आणि बाकीचे मिटून टाकले.

म्हणून आमच्यासारख्याला 'एकाच विषयात राहा' असा सल्ला कोणी देतो, तेव्हा आम्ही आधी विचारतो : तो विषय ठरवणार कोण? आम्ही ठरवणार असू, तर सल्ला योग्य आहे. तुम्ही ठरवणार असाल, तर तो दुसऱ्याने घातलेला पाळा आहे आणि त्यातून बाहेर पडणे हे आमचे कामच आहे. भौतिकशास्त्रज्ञ जयंत नारळीकर विज्ञानकथा लिहीत, तेव्हा मराठी वाचकांनी त्यांना 'तुम्ही आकाशच पाहा' असे म्हटले नाही. २०२१च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षही केले. तेवढीच मोकळीक प्रत्येकाला मिळावी, इतकेच म्हणणे आहे.

अम्मी जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिने शिवलेली एक गोधडी आमच्याकडे आहे. परवा उन्हात घातली तेव्हा तिच्याकडे नीट पाहिले. वर कशाचे म्हणून तुकडे नाहीत? अब्बांच्या सदऱ्याचे, बहिणीच्या फ्रॉकचे, शिंप्याकडून मागून आणलेल्या पट्ट्यांचे, आमच्या शाळेच्या खाकी चड्डीचेसुद्धा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. उलटून पाहिली तर खाली एक आख्खे लुगडे आहे, विटलेले, पण कोठे न फाटलेले. सारे टाके त्यालाच धरून आहेत. लहानपणी ती शिवताना आम्ही जवळ बसायचो तेव्हा ती म्हणायची ते आठवले : "अस्तर साबूत होना, ऊपर चिंदियां कैसे बी चलतीं."

म्हणजे दोन म्हणी सांगणाऱ्या बाईनेच तिसरी गोष्टही सांगून ठेवली होती, आमचे लक्ष नव्हते. तिची तक्रार भाराभर चिंध्यांबद्दल नव्हतीच. चिंध्या ती स्वतः जमवत असे. तिची तक्रार 'एक ना धड' एवढ्यापुरती होती. ज्याच्यापाशी एक तरी गोष्ट धड आहे, शेवटापर्यंत नेलेली, जाणत्यांनी तपासलेली, त्याच्या चिंध्यांची गोधडी होते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याचे गाठोडेच राहते, मग तुकडे कितीही रंगीत असोत.

आमचे धड काय, याचा शोध उशिरा सुरू झाला आहे. सध्या दर आठवड्याला आम्ही फारसीचा धडा घेतो. पत्र लिहिणारे ते प्राध्यापक आता नाहीत. त्यांचे एक विद्यार्थी फोनवर शिकवतात, वयाने आमच्या मुलापेक्षा लहान. चुकलो की स्पष्ट सांगतात. कविता आम्ही अजूनही लिहितो, पावसावरच्यासुद्धा. आसपासचे लोक अधूनमधून एखाद्या दगडाचा फोटो दाखवायला आणतात. आम्ही पाहतो, काय दिसते ते सांगतो, आणि काय दिसत नाही तेही सांगतो. मग तो फोटो जाणत्याकडे पाठवतो. उत्तर आल्यावर ते पत्र आता कोशात ठेवत नाही.